सहाव्या पायरीवरची सूचना

“जया, तुझ्या मुलीला सांग, टेबलावरचं ते धूड हलव म्हणावं. पेपर कुठे पसरू मी?”

तुझ्या मुलीला! घर दोन खोल्यांचं, मुलगी हातभर अंतरावर बसलेली, आणि निरोप मात्र आईमार्फत! खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये भीमराव ओव्हाळांच्या घरी गेलं दीड वर्ष हेच चाललं होतं.

प्रियदर्शनीला सवय झाली होती... निदान ती तसं म्हणायची. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेली ही पोरगी मुख्य परीक्षेला बसलीच नाही. “अभ्यासाचा कंटाळा आला मला,” असं बापाच्या तोंडावर सांगून तिने खराडीच्या एका कंपनीत नोकरी धरली. ज्या बापाने अख्ख्या क्वार्टर्सला ‘आमची डेप्युटी कलेक्टर’ म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं, त्याच्या काळजाचं काय झालं असेल! आणि नोकरी तरी कसली, तर टेक्निकल रायटर. यंत्र कसं लावायचं, कुठलं बटण दाबायचं, ते लिहिणारी. “वॉशिंग मशीनच्या खोक्यात पुस्तिका येते ना, जी कुणी उघडत नाही, ती आमची कन्या लिहिते,” भीमराव शेजाऱ्यांना सांगत.

खरं कारण मायलेकींनाच ठाऊक. त्याच महिन्यात जयाबाईंच्या किडन्या थकल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागलं, दर वेळी सोबत कुणीतरी हवं. आपल्या लेकीची परीक्षा त्यापायी बुडतेय हे कळतं, तर भीमरावांनी दुसऱ्या दिवशी कारखाना सोडला असता... आणि कारखान्याबरोबर हे घरही गेलं असतं, दवाखान्याची सवलतही. म्हणून तिने आईला शपथ घातली आणि घरून करता येईल असं काम शोधलं. डायलिसिसच्या खोलीबाहेर, बाकावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन ती लिहायची. गंमत म्हणजे लिहिता लिहिता ते काम तिला मनापासून आवडायला लागलं! हे मात्र तिने आईलाही सांगितलं नव्हतं.

टेबलावरचं धूड म्हणजे घरच्या घरी डायलिसिस करायचं यंत्र. सरावाचं, ऑफिसातून आणलेलं. त्याची मराठी पुस्तिका प्रियदर्शनीने लिहिली होती आणि उद्या ती छापायला जाणार होती. पण तिच्या टीमचा एक कडक नियम होता. छापण्याआधी, यंत्र कधीच न हाताळलेल्या माणसाने नुसती पुस्तिका वाचून ते लावून दाखवायचं. लिहिणाऱ्याने समोर बसायचं, पण अवाक्षर काढायचं नाही! शेजारच्या वासंतीमावशी येणार होत्या, त्या ऐनवेळी भाचीच्या साखरपुड्याला निघून गेल्या.

“अहो, तुम्हीच लावा की,” जयाबाई म्हणाल्या.

“तुझ्या मुलीला सांग, तीस वर्षं मशीनवर काढलीत मी. मला पुस्तिका लागत नाही.”

“मग लावा न वाचता! बघू तरी.”

पाच मिनिटं नळ्यांशी झटापट झाली. मग भीमरावांनी चष्मा पुसला आणि पुस्तिका उघडली. पहिली पायरी, दुसरी... बोट ओळीखालून सरकत होतं, आवाज आपोआप मोठा होत होता.

“सहा. डायलिसिसच्या पाण्याच्या पिशवीची नळी यंत्राला जोडा.” त्यांनी जोडली. “सावधान. पिशवीतलं पाणी गढूळ असेल तर ती जोडू नका.”

बोट थांबलं.

“अगं ए! जोडून झाल्यावर सांगतेस होय? धोक्याची ओळ कामाच्या आधी असते, आधी! आमच्याकडे दारूगोळ्याच्या कामाला अशी मागून सूचना दिली असती, तर हे दोन हात राहिले असते का मला?”

दीड वर्षात पहिल्यांदा पप्पा थेट तिच्याशी बोलत होते... आणि तिला तोंड उघडायची परवानगी नव्हती! प्रियदर्शनी खाली मान घालून वहीत टिपत राहिली. अक्षरांवर टपटप थेंब पडत होते.

“आता गप्प का? परीक्षा सोडताना बरी बोललीस, कंटाळा आला म्हणून!”

नियम जयाबाईंना लागू नव्हता.

“यंत्र लागेपर्यंत बोलायचं नाही तिला, म्हणून मी सांगते. नव्हता हो आला कंटाळा तिला!” त्या म्हणाल्या. “माझ्या डायलिसिससाठी सोडली तिने परीक्षा. तुम्ही कारखाना सोडाल, या भीतीने खोटं बोलली... मला शपथ घातली पोरीने!”

भीमरावांनी पुस्तिका पुन्हा पुढे ओढली. मग घसा खाकरून त्यांनी सातवी पायरी वाचली. आठवी, नववी... अकरावीला हिरवा दिवा लागला.

“आता बोललं तर चालतं?” त्यांनी विचारलं.

तिने मान डोलावली.

“एकदा मला विचारायचंस तरी, बाळा.”

“विचारलं असतं तर काय केलं असतंत, पप्पा?”

“नोकरी सोडली असती.”

“म्हणूनच.”

भीमरावांनी चष्मा काढला. डोळे पुसले, काचा मात्र तशाच राहिल्या. “यंदा फॉर्म भर. आईला मी नेतो, ड्यूटी बदलून घेतो.”

प्रियदर्शनी घुटमळली. हो म्हटलं असतं तर सगळंच सोपं होतं...

“नाही, पप्पा. तेव्हा खोटं बोलले, आता खरं सांगते. मला हेच काम करायचंय.”

भीमरावांनी लेकीकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, आणि खिशातलं पेन काढून शेजारची खुर्ची पायाने ओढली.

“मग नीट कर. बस इथे, प्रिया. नवव्या पायरीतही घोळ घातलायस.”