उकाड्यातला तांबेरा

मक्यात एक टोपी हलत होती. टोपीखाली माणूस असणार, हे उघड होतं. पण लोरेल कुचेराच्या शेतात तो काय करत होता?

"ओ टोपीवाले! हे शेत माझं आहे."

"श्मिटांचं... नाही?"

"श्मिट पुढच्या चौकात. एक चौक आधीच वळलात!"

तो बाहेर आला. हातात भिंग, आणि पांढरा शर्ट केशरी भुकटीने माखलेला. "मी इमेट. विद्यापीठात मक्याचे रोग बघतो. तुमच्याकडे तांबेरा आलाय."

"दरवर्षी येतो. पारा नव्वद फॅरेनहाइटवर गेला की थांबतो. सगळ्या नेब्रास्काला माहीत आहे."

"तो गारव्यात रमणारा. हा बहुतेक दक्षिणेचा. याला उकाडाच मानवतो. बघा ना, पुळ्या पानाच्या वरच्याच बाजूला..."

"बहुतेक?"

"सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय..."

लोरेलचं डोकंच फिरलं. बाबांनी यंदा पहिल्यांदाच शेत तिच्या हाती दिलं होतं. कणसं भरायच्या आत पानं गेली, तर पीक गेलं. आणि फवारणीचं विमान उगाच बोलावलं, तर गावभर हसं.

"फवारू की नको? एका शब्दात सांगा."

"उद्या."

"सरळ उत्तर देणारा माणूस तुमच्याकडे मिळत नाही का हो?"

"मिळतो. पण तो चुकतो," तो हसला. हसू छान होतं, म्हणून ती आणखीच वैतागली.

दुसऱ्या दिवशी उकाडा वाढला. फोन काही वाजेना. लोरेल कुत्र्यावर खेकसली, पंख्यावर खेकसली... आणि दुपारी अंगणात त्याची गाडी थांबली.

"दक्षिणेचाच आहे," तो उतरता उतरता म्हणाला. "विमान बोलवा."

तिने तिथेच फोन लावला. "सकाळी पहिलं तुझंच शेत," पलीकडून वैमानिक म्हणाला. तिने सुटकेचा श्वास सोडला, आणि मग ती इमेटकडे वळली.

"दोन तास गाडी हाकत आलात? फोन करता येत नव्हता?"

"येत होता."

"मग?"

"तुम्ही 'बरं' म्हणून ठेवून दिला असता. आणि मला... तुम्हाला परत बघायचं होतं."

"इथे माझी पानं करपतायत आणि तू—"

"विमानं सकाळीच उडतात. दोन तासांनी काही बिघडत नव्हतं," तो घाईने म्हणाला. कान लालबुंद. "तेवढं आधी तपासलं होतं."

याला मारावं की... लोरेलने जाळीचं दार उघडून धरलं.

"आत ये, शहाण्या. आईने कोलाचे केलेत, जॅम भरलेले गोड पाव. आणि तिच्यासमोर बुरशीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. माझ्याबद्दल बोल."