अंबाबाईंचं हिरवं लुगडं

दिवा जरा मोठा करा, मग सांगते. भुताखेतांच्या गोष्टींची मला मुळीच हौस नाही. आणि ही रात्रीची गोष्टही नव्हे, भरदुपारची आहे.

पंचाण्णव साल. मला तिसरा महिना होता आणि बाळाचे ठोके थांबले होते. कुंभकोणमच्या डॉक्टर अलमेलुंनी मला नि ह्यांना समोर बसवून नीट समजावलं. एक तर गोळ्या घ्यायच्या, घरीच सगळं पडून जाईल, पण रक्त फार जायला लागलं तर धावत इथे यायचं. नाहीतर उद्या भूल देऊन पिशवी साफ करायची, दहा मिनिटांचं काम.

मला भुलेची धास्ती. डोळे मिटले आणि उघडलेच नाहीत तर? "गोळ्याच द्या," मी म्हटलं.

"घरात कोणी मोठं बाईमाणूस आहे? एकटीला मी देणार नाही."

"आमच्या अम्मा आहेत ना," हे पटकन म्हणाले.

मी बघतच राहिले. अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई, अंबाबाई. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती! नातवंडाचं तोंड बघितल्याशिवाय मी जायची नाही, म्हणायच्या. त्याच्या झोळीसाठी आपलं हिरवं लुगडं ट्रंकेत जपून ठेवलेलं. बाहेर आल्यावर मी चिडले. "गेलेल्या माणसाला कशाला मधे ओढलंत?"

"तुलाच गोळ्या हव्या होत्या ना?" ते म्हणाले. खरंच होतं. माझ्या भित्रेपणापायी खोटं बोलले बिचारे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या घेतल्या. ह्यांनी रजा काढली होती, पण आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रातून निरोप आला, साहेब आलेत, तासाभरासाठी या. "जा," मीच म्हटलं. "मला काय धाड भरलीय?"

दोन वाजता दुखायला लागलं. तीनपर्यंत कापडाची तिसरी घडी भिजली, आणि रक्त थांबेचना. हाक मारायला तोंडातून आवाज निघेना. वीज गेलेली, पंखा बंद, गल्ली निपचित. तेवढ्यात तपकिरीचा वास आला. अम्मा गेल्यापासून आमच्याकडे तपकीर ओढणारं कोणीच नव्हतं. मग मधल्या खोलीत ट्रंकेचं झाकण करकरलं... आणि अनवाणी पावलं... सावकाश, माझ्याकडे...

"अम्मा?"

"हूं," अगदी कानाशी कोणी म्हणालं. "नीज."

डोळे उघडले ते दवाखान्यात. उशाशी शिवकामी होती, आमच्या शेजारी महिन्यापूर्वीच राहायला आलेली. "तुमच्या सासूबाईंनी परसातून हाक मारली म्हणून कळलं," ती म्हणाली. "रिक्षा मीच आणली." ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"शेवटी पिशवी साफ करावीच लागली," डॉक्टर म्हणाल्या. "अर्धा तास उशीर झाला असता तर तू हाती लागली नसतीस. सासूबाईंचे उपकार मान." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "त्या बाहेरच बसून होत्या. ते... त्यांनी मागून घेतलं. हिरव्या लुगड्यात गुंडाळलं आणि गेल्या."

देवा! भुलेची भीती ह्यापुढे काहीच नव्हती.

घरी आलो तर ट्रंक उघडी, आणि मधल्या खोलीत आढ्याच्या कडीला हिरव्या लुगड्याची झोळी. तळाशी मूठभर ओझं. ह्यांनी ती तशीच उतरवून कावेरीत सोडली. आत बघायची छाती झाली नाही. संध्याकाळी झोळी पुन्हा कडीला होती, कोरडी ठणठणीत.

तेव्हापासून त्या खोलीला कुलूप आहे. रोज दुपारी कडी कुरकुरते, तपकिरीचा वास येतो. वर्षातून एकदा हे दार किलकिलं करून बघतात. पहिल्या वर्षी झोळी ओझ्यानं कमरेइतकी खाली आली होती. मग गुडघ्याशी. गेल्या वर्षी जमिनीला टेकायला चार बोटं उरली होती.

परवा हे बघून आले आणि पायरीवर बसले.

"टेकली?" मी विचारलं.

"नाही गं. वर गेलीय... हलकी झालीय." ह्यांनी मागे वळून दाराकडे बघितलं. "रिकामी आहे. आतलं खाली उतरलंय."