काळे तीळ

"जरा वास बघता का याचा?"

मासळीच्या काउंटरवर शेजारी उभ्या असलेल्या माणसाने मासा माझ्यापुढे धरला. नाक लाल, गळ्याला मफलर. "चहाच्या कंपनीत चव बघायचं काम करतो मी. नाकावर पोट आहे आमचं... आणि आज तेच बंद."

मी वाकून श्वास घेतला. डोळे स्वच्छ, फुगीर. कल्ले लालभडक. बोटाने दाबलेलं मांस लगेच वर आलं.

"ताजा आहे," मी म्हटलं.

ते खरंच होतं. फक्त, वास मला आला नव्हता. एका तापानंतर मला कसलाच वास येत नाही. प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे डोळ्यांनी भागवायची सवय आहे. पण हे काउंटरवर सांगत कोण बसणार?

सर्दी गेल्यावर तो पुन्हा भेटला, मग भेटतच राहिला. मला 'नाकवाली' म्हणायला लागला. दर वेळी वाटायचं, आज सांगू. दर वेळी तो काहीतरी हुंगायला द्यायचा... आणि मी "छान" म्हणायची.

आज तो माझ्याकडे जेवायला येणार होता. सोबत नव्या चहाचा डबा. "तू वास घेऊन हो म्हणालीस, तरच साहेबांपुढे ठेवीन," असं फोनवर म्हणाला होता. माझे हात गार पडले होते.

बेत झटपट होणारा, जपानी धाटणीचा. माशाच्या तुकड्यांवर सोया सॉस, आलं आणि मध. उकळत्या पाण्यातून काढून लगेच गार पाण्यात टाकलेला पालक. भात तयार होता. पारदर्शक मासा शिजून पांढरा झाला, तसा ताटात काढला. राहिले फक्त तीळ. पालकावर शोभतील म्हणून मुद्दाम काळे आणले होते. तव्यावर टाकले आणि रंग बदलायची वाट बघत उभी राहिले.

बेल वाजली. दार उघडलं, तर तो मला ओलांडून थेट स्वयंपाकघरात गेला आणि गॅस बंद केला.

"जळतंय... जिन्यापर्यंत येतोय वास. तू तर घरातच होतीस ना?"

मी तव्याकडे पाहिलं. काळे तीळ. कच्चे काळे, भाजलेले काळे, जळलेलेही काळेच. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"मला वास येत नाही," मी म्हटलं. "कधीच आला नाही... म्हणजे, तू भेटलास तेव्हापासून."

त्याने खिडकी उघडली, तवा सिंकमध्ये ठेवला. त्याची पाठ बघत मी उभी होते.

"मग त्या दिवशी मासा?"

"डोळे आणि कल्ले बघून."

"आणि मी दिलेलं सगळं? ते 'छान'?"

"खोटं. राग आला?"

"आला." तो खुर्ची ओढून बसला. "पण मासा गार होतोय. आधी वाढ."

आम्ही जेवलो.

"तुला काय काय कळतं यातलं?" त्याने विचारलं.

"खारट. मागून गोड. आल्याचा चटका. पालक दाताखाली जरासा करकरतो."

"बरंच कळतं की." त्याने डबा उघडला, पाणी उकळलं, कप माझ्यापुढे सरकवला. "आता खरं सांग."

मी घोट घेतला. "कडू आहे. जीभ कोरडी पडते."

तो कपाकडे बघत राहिला. "वासाच्या नादात ते माझ्या लक्षातच आलं नाही." मग त्याने विचारलं, "रात्री गॅस बंद आहे की नाही, कसं कळतं तुला?"

"उठून बघते. पुन्हा झोपते... पुन्हा उठते."

"एकटीच?"

"मग कोण?"

त्याने माझ्या बोटांवर हात ठेवला. त्याचाही हात गारच होता. "इथे एक नाक कायमचं राहायला आलं तर... चालेल?"

"आणि त्या नाकाला सर्दी झाली तर?"

"तर दोघं मिळून उठू."