सहा नंबरचे डोळे

या, जरा पुढं सरकून बसा. भजनाला अजून अवकाश आहे, तोवर आपल्या पुंडलिकनगरातल्या एका पोरीची गोष्ट सांगते. चष्मा मांडीजवळ ठेवला असेल तर आधी उचला… गोष्ट तिथूनच सुरू होते.

सप्ताहाचा तिसरा दिवस. कीर्तन असं रंगलेलं, की मंजुषाचे डोळे भरून आले. तिनं चष्मा काढून खाली ठेवला, ओढणी डोळ्यांना लावली, आणि तेवढ्यात नामाच्या गजरात शेजारी बसलेल्या वच्छलाबाई उठून नाचू लागल्या. सत्तरीचा पाय, पण नेमका चष्म्यावर पडला — कट्.

वच्छलाबाईंच्या हातातला टाळच गळाला.

"आगं माय, काय केलं म्या हे? ऊठ पोरी, चल."

त्यांनी तिला हाताला धरून थेट गारखेड्यातल्या ओळखीच्या चष्म्याच्या दुकानात नेलं. काचा बसवणारा शिवराज एकटाच होता. मंजुषाला तो म्हणजे नुसता निळा शर्ट. त्यानं कागदावर फुली मारली, फुटका तुकडा फुलीवर धरून हलवला. काच उजवीकडं सरकली की फुलीतली रेघ डावीकडं पळायची.

"प्लस. सहाचा असंल," तो म्हणाला.

"हातानंच कळलं?"

"चिमटीत धरून बघा, जपून. मध्ये जाड, कडेला पातळ. काचेला जेवढं पोट, तेवढा उजेड आत वळतो." मग जरा थांबून — "तुमच्यात लई वळतोय."

"माझ्यात, की काचेत?"

तो घाईनं काच पुसायला लागला. वच्छलाबाई मात्र गालात हसल्या.

नवा चष्मा डोळ्यांवर चढला, तसं त्या म्हणाल्या, "बघ रं शिवराज, कसे टपोरे डोळे हायेत पोरीचे." शिवराज लाजून हसला. ते हसू मंजुषा घरी घेऊन गेली. मग कधी चष्म्याची दांडी सैल व्हायची, कधी नाकावरून घसरायची… महिन्यात चार फेऱ्या.

"परत सैल?"

"तुम्ही नीट आवळतच नाही."

"मुद्दाम नाय आवळत."

दिवाळीनंतर कन्नड गावचं स्थळ आलं. फोटो पसंत होता. मुलाची आई म्हणाली, चष्मा काढ बरं. मंजुषानं काढला. मुलगा पाहत राहिला, मग सगळ्यांदेखत म्हणाला, "फोटोत तर डोळे मोठे होते."

चहा तसाच ठेवून पाहुणे उठले. बिनचष्म्याचा आरसा तिला कायम धूसर. आपले खरे डोळे तिनं कधी पाहिलेच नव्हते. जी काच तिला जग दाखवायची, तीच जगाला तिचे डोळे फुगवून दाखवत होती.

आठवड्यानं वच्छलाबाई निरोप घेऊन आल्या. शिवराजची आई रविवारी बघायला येणार. मंजुषाला एकच चिंता. त्याला तर ते टपोरेच डोळे आवडलेत ना…

शनिवारी दुपारी ती दुकानात गेली.

"उद्याच्या आधी एक दाखवायचंय." तिनं चष्मा काढून काउंटरवर ठेवला — आणि तिला धक्काच बसला. आता त्याचाच चेहरा दिसेना. तो चेहरा पडला की नाही, कळायचं कसं? "हे माझे डोळे. एवढेच आहेत."

बाहेर रिक्षावाला कुणाला तरी हाका मारत होता.

"ठाऊक आहे की," शेवटी तो म्हणाला.

"काय?"

"पहिल्या दिवशी दुकानात आलात, तेव्हा चष्मा कुठं होता?"

मंजुषाला सगळं आठवलं, फक्त हे आठवलं नव्हतं.

"मग… टपोरे म्हटल्यावर हसलात कशाला?"

"ती काच मीच घासून बसवलेली. आजी काचेचं कौतुक करत होत्या, म्हणून हसलो. डोळे तर आधीच बघून झाले होते."

त्यानं चष्मा उचलून तिच्या कानांवर चढवला. उजेड जागेवर आला, आणि त्याचे लालबुंद झालेले कान तिला दिसले.

"येऊ ना उद्या?"

"या. पण आईंनी चष्मा काढ म्हटलं तर?"

"नका काढू. मी दिसणार नाय… मग 'हो' कुणाला म्हणाल?"

वच्छलाबाईंनी दोघांवर अक्षता टाकल्या, आणि गेल्या उन्हाळ्यात त्या देवाघरी गेल्या. त्या दिवशी त्यांचा पाय नामात नाचला नसता, तर शिवराजनंही तिला कधी पाहिलंच, तर आधी काचेतूनच पाहिलं असतं. गजराला उभे राहाल तेव्हा त्या म्हातारीची आठवण ठेवा, एवढंच मागणं.