फवाररावचा पराक्रम आणि चाळिसावं झाड

“ह्या बागेत बुरशीचा एक जरी धागा जिता सापडला, तर माझं नाव बदला!” फवाररावने छातीवरचा हिरवा दिवा लावून जाहीर केलं.

फवारराव म्हणजे बागेतला यंत्रमानव. तीन चाकं, दोन हात आणि पाठीवर शंभर लिटरची टाकी. उन्हाने डोक्यातल्या तारा तापू नयेत म्हणून त्याला गवताची टोपी घातलेली असायची. तो तासगावच्या एका द्राक्षबागेतून सेकंडहँड आला होता आणि बोलणंही तिथलंच घेऊन आला होता.

हे स्वागताचं भाषण होतं. डॉक्टर रखमा ढेबे, म्हणजे केतकीची आत्याआजी, साताऱ्याला गुडघा बदलून सहा आठवड्यांनी परत आली होती. उडती रिक्षा तिला अंगणात सोडून गेली होती. नवा गुडघा अजून तिचं ऐकत नव्हता. ती डावीकडे निघाली की तो सरळ जायचा.

केतकी शेजारी ऐटीत उभी होती. वय वर्षं अकरा. सहा आठवडे बाग तिच्या ताब्यात होती आणि फवाररावला कामाला लावणारी तीच होती. “द्राक्षांची घेत होतास तशीच काळजी घे,” असं तिने पहिल्याच दिवशी त्याला बजावलं होतं.

“काय म्हणाला हा?” आत्याआजीने विचारलं.

“बुरशी संपवली, डाक्टरबाई,” फवारराव म्हणाला. “मुळापाशी पांढरं जाळं दिसलं की मोरचूद आणि चुना. आठवड्यातनं दोनदा, आळं भरून. रोगाला माफी न्हाई!”

आत्याआजी मटकन ओट्यावर बसली. गुडघा मात्र उभाच राहिला.

“केतके,” ती हळूच म्हणाली, “ट्रफल म्हणजे काय असतं, ठाऊक आहे तुला?”

“ठाऊक आहे की! हेझलनटच्या मुळांना येणारं रताळं.”

“रताळं?”

“काळं रताळं. वर्गात सगळ्यांना वाटत होतं चॉकलेटचा केक असतो. मीच सांगितलं, केक नाही, रताळं असतं, आणि शुक्रवारी आमच्या बागेत निघणार आहे.”

“ट्रफल ही बुरशी असते गं,” आत्याआजी म्हणाली.

केतकीने फवाररावकडे पाहिलं. फवाररावचा हिरवा दिवा आपोआप पिवळा झाला.

शुक्रवार परवावर आला होता. महाबळेश्वरच्या मागच्या अंगाला असलेल्या धुकेवाडीतली ही जमीन फळबाग संस्थेची. आत्याआजीने ती सात वर्षांसाठी मागून घेतली होती. संस्थेचे चेअरमन बापूसाहेब सपकाळ यांना स्ट्रॉबेरीशिवाय दुसरं फळ मान्य नव्हतं. त्यांच्या मोटारीचा रंग स्ट्रॉबेरीचा, हॉर्न वाजला की स्ट्रॉबेरीची जाहिरात. शुक्रवारी सात वर्षं पुरी होत होती. एक तरी ट्रफल दाखवा, नाहीतर झाडं उपटून स्ट्रॉबेरी लावतो, असं त्यांनी लेखी कळवलं होतं.

“तू मला आधी का नाही सांगितलंस?” केतकीचा आवाज रडवेला झाला.

“चुकलंच माझं. सात वर्षं ‘ट्रफल येणार, ट्रफल येणार’ म्हणत राहिले. काय येणार ते सांगितलंच नाही. ऊठ, खुरपं आण.”

दोघी पहिल्या झाडाकडे गेल्या. वर गारवा-मांडव पसरला होता. हेझलनट हे थंड मुलखातलं, बदामासारखी फळं देणारं झाड; त्याला हिवाळ्यात कडक थंडी हवी असते. तेव्हा ते पानं गाळून सुप्तावस्थेत (झाडाची गाढ झोप) जातं, आणि ती झोप पुरी झाली नाही तर वसंतात धड फुलत नाही. धुकेवाडीची थंडी थोडी कमी पडायची, ती हा मांडव भरून काढायचा.

आत्याआजीने आळ्यातली माती उकरली. माती निळसर झाली होती. बोटभर खोलीवर एक बारीक मूळ लागलं. तिने खिशातलं भिंग केतकीच्या हातात दिलं.

“मुळाची टोकं बघ.”

“काळी पडलीत. आणि काहीतरी चिकटलंय. करपलेल्या कापसासारखं.”

“तीच आपली बुरशी. झाड पानांत काय करतं?”

“उन्हातून साखर बनवतं.”

“पण खालून पाणी आणि फॉस्फरस आणायला त्याची मुळं तोकडी पडतात. मातीच्या दोन कणांमधल्या फटीत मूळ शिरत नाही, जाड पडतं. बुरशीचे धागे केसापेक्षा कितीतरी बारीक, ते बरोबर शिरतात. पण बुरशीला साखर बनवता येत नाही. मग?”

केतकीने क्षणभर विचार केला. “बुरशी झाडाला पाणी आणून देते आणि झाड तिला साखर देतं?”

“शाब्बास! बुरशी मुळाच्या टोकावर मोजा चढवावा तशी बसते. त्या जोडीला म्हणतात कवकमूळ (बुरशी आणि मूळ यांचा एकत्र संसार). रोपं एवढीशी होती तेव्हाच मी त्यांच्या मुळांना ट्रफलचे बीजाणू (बुरशीचं बी, पिठाहून बारीक) लावले होते. इथली माती लाल, आंबट. ट्रफलला चुन्याची लागते. म्हणून दर वर्षी चुनखडी मिसळली. बुरशीचं जाळं पसरायलाच पाच-सहा वर्षं जातात. आणि मग कुठे त्या जाळ्याला जमिनीखाली फळ धरतं. ते फळ म्हणजे ट्रफल.”

“आणि ते जाळंच मी…”

“तू नाही, त्याने.”

“मला सांगिटलं तसं म्या केलं,” फवारराव मागून म्हणाला. “तासगावात ह्याच कामाला मला हार घातला हुता. प्लॅस्टिकचा.”

दुसरं झाड, तिसरं, दहावं. सगळीकडे निळी माती आणि करपलेला कापूस. खोलवरचे धागे वाचले असतील, पण जाळं पुन्हा भरायला दोन-तीन वर्षं लागतील, असं आत्याआजी म्हणाली. बापूसाहेब दोन-तीन मिनिटंही थांबणारे नव्हते.

केतकी एकटीच आळ्याच्या कडेला बसून राहिली. मनगटावरची पट्टी थरथरली. फवाररावची तक्रार. तो दिवसभर तक्रारी पाठवायचा, म्हणून तिने पट्टीचा आवाज कधीच बंद करून टाकला होता. आज पहिल्यांदाच तिने वाचलं.

“तक्रार क्रमांक ११३. झाड क्रमांक ४०. बुरशीचा वास लई जोरात. जाता येत न्हाई. लुगडं आडवं हाय.”

केतकी ताडकन उठली. ११२ उघडली: तेच. १११: तेच.

“फवारराव! चाळिसाव्या झाडाला औषध घातलंस का?”

फवारराव मागे सरकला. “तिकडं मी जात न्हाई.”

त्याचं कारण सगळ्या वाडीला माहीत होतं. चाळिसावं, म्हणजे बागेतलं शेवटचं झाड घराच्या कोपऱ्यावर, आणि त्याच्या शेजारून कपडे वाळत घालायची दोरी गेलेली. पहिल्याच आठवड्यात दोरीवरचं ओलं नऊवारी त्याच्या चाकांत अडकलं. तो जागच्या जागी अकरा गिरक्या घेत फिरला आणि लुगड्यात गुंडाळलेला असा थेट गोठ्यात जाऊन पडला. म्हशीने दोन दिवस दूध दिलं नाही. तेव्हापासून फवाररावच्या नकाशात त्या कोपऱ्यावर लाल फुली होती.

“आत्याआजी! त्या झाडाखालचं गवतही करपलंय. गोल ताटाएवढं होतं, आता परातीपेक्षा मोठं झालंय. मला वाटायचं कपड्यांचं साबणाचं पाणी पडतं म्हणून.”

आत्याआजी इतक्या जोरात वळली की गुडघ्यालाही वळावंच लागलं. “अगं, ती तर ट्रफलची खूण! बुरशी जोरात असली की आपल्या जागेत गवताला वाढू देत नाही.”

“पण ट्रफल नेमकं कुठे आहे ते कसं कळणार? सगळं खणायचं?”

“खणलंस तर जाळं तुटेल. ट्रफल जमिनीखाली असतं, त्याचे बीजाणू वाऱ्यावर उडू शकत नाहीत. म्हणून ते पिकलं की जबर वास सोडतं. रानडुक्कर येतं, उकरतं, खातं आणि लांब जाऊन बीजाणू टाकतं. विष्ठेतून. तो वास पकडायला दुसऱ्या देशांत शिकवलेली कुत्री असतात. आपल्याकडे कुत्रं कुठलं?”

केतकीने फवाररावकडे पाहिलं. डोळ्याला दिसायच्या आधी बुरशी ओळखणारं नाक त्याला तासगावात बसवलं होतं. तेच नाक तर एकशे तेरा वेळा ओरडून सांगत होतं.

“तुला जायचंय तिकडे,” ती म्हणाली.

“लुगडं?”

“काढलं.”

“टावेल?”

“टॉवेल, बनियन, सगळं काढलं. दोरीपण सोडली.”

फवारराव निघाला. एका वेळी वीतभर सरकत, टोपी घट्ट धरून. करपलेल्या गोलाच्या कडेशी थांबला. नाक खाली केलं. डावीकडे गेला, परत आला, आणि छातीतला दिवा लुकलुकायला लागला.

“हिंग,” तो म्हणाला. “लसूण. ओली माती. आणि कुठंतरी गॅस गळतोय. हितं. बरोबर हितं.”

टाकीवरचा हात फवाऱ्याच्या नळीकडे सरकला. तासगावची सवय. केतकीने नळीवर झडप घातली आणि मोरचुदाची निळी पिचकारी आत्याआजीच्या नव्या गुडघ्यावर उडाली.

“असू दे,” आत्याआजी म्हणाली. “त्याला तरी बुरशी लागायची नाही. खण तू.”

केतकीने खुरपं बाजूला ठेवलं आणि चहाच्या चमच्याने माती उचलायला सुरुवात केली. चार बोटांवर काहीतरी टणक लागलं. तिने बोटांनी ते सोडवलं. लिंबाहून मोठं, काळं, खरखरीत, रस्त्यावरच्या खडीचा दगड असावा तसं. आत्याआजीने नखाने कोपरा खरवडला. आत काळ्यावर पांढऱ्या रेघांची नक्षी होती.

सात वर्षं चुनखडीच्या गोण्या वाहिलेल्या हातांनी आत्याआजीने तो गोळा नाकाला लावला आणि डोळे मिटले. केतकीला कधी एवढा अभिमान वाटला नव्हता, आणि तो नेमका कुणाचा ते तिला सांगता आलं नसतं: आत्याआजीचा, झाडाचा की त्या घाबरट यंत्राचा.

शुक्रवारी बापूसाहेब हॉर्न वाजवत आले. चाळिसाव्या झाडाखालची माती त्यांनी शेजारी उभं राहून केतकीला उकरायला लावली. फवाररावने दाखवलेल्या जागी दुसरं ट्रफल निघालं.

“हा तर डांबराचा गोळा,” बापूसाहेब म्हणाले.

“वास घ्या,” केतकी म्हणाली.

त्यांनी घेतला. मग पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा त्यांनी गोळा परत दिलाच नाही.

“मी पहिल्यापासून म्हणत होतो,” ते सोबतच्या लोकांकडे वळले, “ह्या मातीत दम आहे!” त्यांनी मोटारीच्या टपावर कागद ठेवून आणखी दहा वर्षांच्या मुदतीवर सही केली. केतकीने त्यांच्या हातातून ट्रफल हळूच सोडवून घेतलं.

त्या ट्रफलचा अर्धा भाग वाटून त्याचे बीजाणू दोनशे नव्या रोपांच्या मुळांना लावायचे ठरले. ती रोपं फळावर येतील तेव्हा केतकी अठरा वर्षांची असेल. नव्या रोपांच्या वहीवर आत्याआजीने आपल्या नावाआधी तिचं नाव लिहिलं.

बुरशीचा धागा जिता सापडला होता, म्हणून बोलल्याप्रमाणे फवाररावचं नावही बदललं. तो आता हुंगराव. नवा धडा त्याला केतकीनेच दिला. “नीट लक्षात ठेव. बुरशी आपली मैत्रीण आहे. दिसली की जपायची.”

“सगळ्याच बुरश्या नाहीत हं,” आत्याआजी म्हणाली. “कुठल्या चांगल्या, कुठल्या वाईट, ते उद्या सावकाश शिकवू.”

शनिवारी सकाळी हुंगराव स्वयंपाकघरात शिरला. लिंबाच्या लोणच्यावर त्याला पांढरी बुरशी दिसली. त्याने बरणी गारवा-मांडवाखाली नेली, आळं करून गळ्यापर्यंत पुरली, वर दोन ओंजळी चुनखडी टाकली आणि शेजारी पाटी लावली: झाड क्रमांक ४१.