शेवटचा थेंब कुठे संपतो?

नळीवर बोटभर बर्फ चढला होता आणि नाखवा ठामपणे सांगत होता, की नळीचं तापमान बत्तीस अंश आहे. आता खरं कोणाचं मानायचं, हे जुईलीला कळेना.

नाखवा म्हणजे कोळणींच्या सोसायटीच्या शीतगृहातलं बोलकं नियंत्रक यंत्र. आकार जेवणाच्या डब्याएवढा, पण रुबाब बोटीच्या मालकाचा, म्हणून बायकांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. सन २०५८ उजाडलं तरी नवरात्रात गिऱ्हाईक मासे घेत नसे. बोटी मात्र समुद्रावर जातच होत्या. त्यामुळे खंडेनवमीला शीतगृह छतापर्यंत भरलेलं असे. दसरा झाला की माल बाजारात जायचा.

सकाळी यंत्रांची पूजा झाली, नैवेद्य झाला आणि दुपारी कॉम्प्रेसर (वाफ दाबून पुढे ढकलणारं यंत्र) ठकठक वाजू लागला. शीतगृहाची जबाबदारी जुईलीच्या आईकडे होती. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. बिघाड झाला तर दुरुस्तीवाला शहरातून यायला आठवडा लागणार होता.

"आत सगल्यांची मासली हाय, बाय," ती म्हणाली. "यो बंद परला त मी कोनाला तोंड दाखवू?"

जुईलीने नाखव्याला आधी कॉम्प्रेसर थांबवायला सांगितलं. मग विचारलं, की बाबा रे, तू नेमकं करतोस तरी काय?

नाखव्याला समजावून सांगायची भारी हौस. हाताला स्पिरिट लावलं की ते उडून जातं आणि हात गार पडतो, तिथून त्याने सुरुवात केली. शीतगृहातल्या नळ्यांमध्ये शीतक (सहज उकळणारा द्रव) फिरतो. तो उकळताना माशांमधली उष्णता ओढून घेतो आणि त्याची वाफ होते. ही वाफ कॉम्प्रेसरकडे जाते. पण वाफेबरोबर द्रव गेला, तर घात होतो. सायकलच्या पंपात हवा दाबली जाते, पाणी भरलं तर दट्ट्या हलत नाही. तसाच द्रव दाबताना कॉम्प्रेसर फुटू शकतो.

"म्हणजे शेवटचा थेंब कॉम्प्रेसरच्या अलीकडेच संपायला हवा," जुईली म्हणाली. "पण नळी तर तांब्याची. तुला आतलं दिसतं कसं?"

"दिसत नाहीच," नाखवा म्हणाला. "मला फक्त दोन आकडे मिळतात."

पहिला आकडा नळीतल्या दाबाचा. त्यावरून शीतक किती अंशांवर उकळतोय, ते कळतं. समजा, उणे तीस. दुसरा आकडा नळीच्या शेवटी लावलेल्या तापमापकाचा. द्रव शिल्लक असेल, तर तिथेही उणे तीसच असतं. पण सगळा द्रव संपला, की नुसती वाफ आणखी थोडी तापते आणि आकडा उणे चोवीसवर येतो. हा सहा अंशांचा फरक म्हणजे अधिताप (वाफ झाल्यावर मिळालेली जास्तीची ऊब). फरक वाढला की नाखवा झडप उघडून शीतक जास्त सोडतो, कमी झाला की झडप आवळतो.

जुईली थक्क झाली. न बघता, न उघडता, नुसत्या वजाबाकीवरून हा बंद नळीतला शेवटचा थेंब ओळखतो!

"आज फरक बासष्ट अंशांचा आहे," नाखवा पुढे म्हणाला. "नळी तहानलेली आहे. मी झडप पूर्ण उघडली, तरी तहान भागत नाही."

जुईलीने नळीला हात लावला. चटका बसावा इतकी ती थंड होती. म्हणजे नाखव्याची वजाबाकी बरोबर होती, चुकीचा होता तो तापमापकाचा आकडा. नळी तहानलेली नव्हती, द्रवाने तुडुंब भरली होती, म्हणूनच कॉम्प्रेसर ठकठकत होता. तिने तापमापकाची वायर बोटाने धरली आणि ती जाईल तिकडे गेली. वायर नळीकडे गेलीच नाही. ती गेली दारावरच्या झेंडूच्या तोरणाकडे. तिथे पेनाच्या टोपणाएवढा तापमापक हळदीकुंकू लावून ऐटीत लोंबकळत होता आणि शीतगृहाबाहेरच्या यंत्रखोलीतली गरम हवा मोजत होता.

सकाळी पूजेसाठी तो सोडवून पुसणारी जुईलीच होती. नाखव्याच्या या छोट्या भावालाही मान मिळावा, म्हणून तिने त्याला तोरणात बसवलं होतं. तिला रडूच आलं. आईला तिने सगळं सांगून टाकलं. आई रागावली नाही. तिने फडक्याने नळीवरचा बर्फ काढला, जुईलीने तापमापक नळीला घट्ट टेकवून पट्टी आवळली आणि वर जाड पट्टा गुंडाळला.

नळ्यांमध्ये साचलेला द्रव उडून जाईपर्यंत नाखव्याने झडप मिटून ठेवली. मग कॉम्प्रेसर सुरू झाला. नाखवा फरक मोजून सांगू लागला. चार... पाच... सहा. ठकठक गेली आणि संथ घरघर ऐकू येऊ लागली. आईने दार किलकिलं केलं. आत पापलेटांच्या राशी चांदीसारख्या चमकत होत्या. तिने हसत दार पुन्हा घट्ट लावलं.

जुईली नळीवरच्या जाड पट्ट्यावर तळहात ठेवून उभी होती. तिच्या हाताखाली, कुणाला न दिसता, शेवटचा थेंब संपत होता.

"नाखव्या, समुद्राच्या पोटातलंही असंच दोन आकड्यांवरून कळेल?" तिने हळूच विचारलं.

"वजाबाकी मी करीन," नाखवा म्हणाला. "पण तापमापक कुठे टेकवायचा, ते तू शोधायचं."