पुसली गेलेली टेप

बसा जवळ. मी डोळ्यांनी बघितलेलं नाही, पण ज्याच्यावर बेतलं तो तात्या माझा शेजारी. मीठमसाला लावून बोलायची त्याला सवय नाही.

गेल्या नोव्हेंबरातला तिसरा मंगळवार, रात्रीचे सव्वादहा. तात्या रेकॉर्डिस्ट. सकाळच्या रेकॉर्डिंगसाठी माइक लावून ठेवायला तो स्टुडिओत गेला. स्टुडिओचा मालक, म्हणजे तात्याचा जिवलग दोस्त, महिन्यापूर्वी वारला होता. रेडिओवर बातम्या वाचणारा जुना निवेदक. त्याच्याबद्दलच्या लोकांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या होत्या. त्याची मुलगी म्हणाली होती, "काका, पहिले तुम्हीच बोला. बाबांना तुमच्याएवढं कोण ओळखतं?"

बावीस वर्षांपूर्वी दोघं एकाच रेडिओ केंद्रावर नोकरीला होते. तिथं एका गायिकेची एकुलती एक टेप पुसली गेली आणि बालंट तात्यावर आलं. नोकरी गेली. चहाडी कुणी केली, कधी कळलं नाही. पुढं ह्याच दोस्तानं स्वतःचा स्टुडिओ काढला आणि त्याला तिथं घेतलं. तात्या म्हणायचा, "पाठीला पाठ लावून आला नाही एवढंच, बाकी सख्खा भाऊ."

तर तात्यानं आतल्या खोलीत स्टँड उभा केला, माइक बसवला, वायर जोडली. काचेच्या अलीकडे येऊन हेडफोन कानाला लावला.

बारीक घरघर.

ट्यूबलाइट बंद केली. एसी बंद केला. मोबाइल बाहेर ठेवून आला. वायर बदलली. घरघर होतीच.

"आता माझे कानच दुरुस्तीला न्यायचे का?" तो पुटपुटला.

घरघर थांबली. कुणीतरी घसा साफ केला.

तसा घसा एकच माणूस साफ करायचा. बातम्या वाचण्याआधी.

तात्यानं काचेपलीकडे बघितलं. खुर्ची रिकामी...

"साहेब, टेप तात्यानंच पुसली. मी डोळ्यांनी पाहिलं."

मग दुसरा आवाज, तेव्हाच्या साहेबांचा. "तुमचा मित्र ना तो?"

"म्हणून तर सांगवत नव्हतं."

तात्यानं यंत्रातून माइकची वायर उपटली. हातात धरली.

आवाज चालूच.

"पुसायचं बटण माझ्याच हातून दाबलं गेलं, तात्या... पोरगी लहान होती... पण नंतर सांभाळलं ना तुला?"

"जिवंत असताना सांगायचं होतंस," एवढंच तात्या म्हणाला.

पलीकडून श्वास. अगदी जवळून...

मग काही नाही.

तात्या तिथंच बसून राहिला. आत पाऊल टाकायचं धाडस नव्हतं. सकाळी मुलगी आली. त्यानं वायर पुन्हा जोडून दिली.

"काका, सुरू करू?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. तिचा काय दोष?

"तुझे बाबा फार छान बोलायचे," तो म्हणाला. "मला नाही जमायचं, बाळ." आणि चपला घालायला लागला. त्या स्टुडिओत पुन्हा गेला नाही तो.

तो दारात चपला घालत होता, तोवर ती एकटीच आत गेली. माइक तोंडाशी ओढला, आणि थांबली.

"काका, रात्री इथं कोण बोललं?"

माइकची जाळी ओली होती. तोंड अगदी जवळ नेऊन कुणी रात्रभर बोललं, की होते तशी.